हिंगणाच्या पाण्यातला शालू

बोट पाण्यात बुडवायचं, जिभेच्या टोकाला लावायचं, तोंड वाकडं करून बाजूला थुंकायचं आणि म्हणायचं, "कच्चं शे."

शहाद्याला आमच्या शेजारी राहणाऱ्या जिजीची सकाळ अशी व्हायची. ते पाणी राखेचं. केळीचे वाळलेले खांब आणि आघाडा जाळून ती राख करी, बुडाला भोक पाडलेल्या मडक्यात गवताचा बोळा घालून भरी, वरून पाणी सोडी आणि खाली ठिबकणारं तपकिरी पाणी चाखत बसे. जीभ चरचरली की ते कपड्यांना चालायचं. माणसांनाही तिचं तेच माप. मी नवी नवरी म्हणून पाया पडले, तर माझी हनुवटी धरून सासूबाईंना म्हणाली, "कच्ची शे. पण व्हयी जाई."

सुती कपड्यांना राखेचं पाणी, पितळेला चिंच, कंदिलाच्या काचेला चाळलेली राख, आणि रेशमाला व लोकरीला हिंगणबेट. सातपुड्याच्या पायथ्याच्या बाया बाजाराच्या दिवशी हिंगणाची फळं आणत. त्यांचा चिकट गर भिजवून जिजी हाताने घुसळी, की घमेलं फेसाने भरून जाई. लढाईच्या दिवसांत साबण मिळेनासा झाला तेव्हा कचेरीतल्या एका कारकुनाची बायको तिच्या दारात आली. "जिजी, साबण असेल का हो?" जिजी म्हणाली, "साबन तुन्हा सायबले मांग, माय. मन्हाकडे राख शे." आणि पदरात बांधून दिलीही.

अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील. गल्लीचं त्यांच्यावाचून अडतं, आणि गल्लीतलं चांगलं कार्य निघालं की त्यांनी मागच्या दारी बसायचं. जिजी लहानपणीच विधवा झालेली. बाळंतिणीची धुणी तिची, मयताच्या घरची धुणी तिची. लग्नाच्या वस्त्राला तिने बोट लावायचं नाही. तिने घुसळलेला फेस चाले. हात चालत नसे. यात कुणाला काही चुकतंय असं वाटलं नाही. मलाही नाही.

ती दिराकडे राहायची. दिराची बायको बाळंतपणात गेली आणि मागे मुलगी राहिली. तिला जिजीनेच वाढवलं. त्या मुलीचं लग्न ठरलं आणि तिच्या आईचा शालू पेटीतून निघाला. घडीघडीवर पिवळे डाग. तो धुवायला हवा होता, आणि तो आपल्या हाताने धुवावा एवढं एकच जिजीला त्या लग्नातून हवं होतं.

दीर म्हणाला, "वहिनी, हे काम सवाष्णीचं. शेजारी द्या." त्याचीही बायको गेलेली होती, त्याच्या हाताला मात्र कसला दोष लागत नव्हता.

शालू माझ्याकडे आला. पाठोपाठ जिजी फेसाचं घमेलं घेऊन आमच्या मधल्या ठेंगण्या भिंतीशी आली. हळूच म्हणाली, "तू फक्त दारमा उभी ऱ्हाय. हात मन्हा, नाव तुन्हं. कोन देखस?"

खरंच, पाहणारं कुणी नव्हतं. मुलगी हळद लागून आत बसलेली, सासूबाई मांडवात. पण माझं पहिलं मूल गेलं होतं आणि मला पुन्हा दिवस होते. मी म्हणाले, "जिजी, मला भीती वाटते."

तिने माझ्या पोटाकडे पाहिलं. मग घमेलं भिंतीवरून माझ्याकडे सरकवलं. "धर मंग."

शालूवर आपली सावली पडू नये म्हणून ती भिंतीपलीकडे पाठ करून बसली आणि तिथूनच सांगू लागली. "चोळू नको. दाब. लेकरूले न्हाऊ घालतस तसं." थोड्या वेळाने, "माले आवाज येस ना! चोळी ऱ्हायनी तू!"

"नाही हो जिजी," मी म्हणाले, आणि शालू पिळला. जुनं रेशीम. चर्रकन फाटलं.

पलीकडून, "कितलं?"

"चार बोटं."

"पदर का किनार?"

"किनार."

"निऱ्यामा दडी जाई. सावलीमा टाक."

एवढंच. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. वरात निघाली तेव्हा ती मागच्या दारी होती, आणि निऱ्यांत ती फाट कुणाला दिसली नाही.

पुढे मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. रक्ताने भरलेले कपडे जिजीच्या बादलीत आले. ते तिच्याच हक्काचे. मी बाळ पाहायला गेले होते. मुलगी खाटेवरून हसत म्हणाली, "जिजी, गावभरनं धुस तू, आन मन्हाच शालू फाडी टाका? घडी मोडी तं सासरना देखतच ऱ्हायनात!"

तिला वाटत होतं, शालू जिजीनेच धुतला. जिच्या हाताने आपण वाढलो तिला तेवढंही करू दिलं नाही, हे त्या पोरीच्या मनातही आलं नव्हतं.

जिजीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बादलीत हात घालून म्हणाली, "आते मन्हा हात नही चालत, बेटा."

तेव्हा मला एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या मांडीवर माझा धडधाकट मुलगा होता. भीती उरली नव्हती. तरी मी बाळाचं नाक कुणासारखं आहे ते सांगत बसले.

जिजी त्यानंतर फार जगली नाही. तिचं शेवटचं लुगडं कुणी धुतलं नाही. पुरुषांनी ते नदीवर नेऊन टाकून दिलं.

ती मुलगी आता दोन नातवंडांची आजी आहे. भेटली की गोष्ट निघतेच. "जिजीनं अख्ख्या गावाचं धुतलं, माझाच शालू तेवढा फाडला." ती हसते. मीही हसते, अगदी वेळेवर. तिला वाचता येत नाही. ते मला ठाऊक आहे, म्हणून तर हे लिहायचं धाडस झालं.