अंजनाबाईंची खिचडी

माझ्या टेबलाशी येणारा मनुष्य या आजाराचे नाव घेण्यापूर्वी मागे वळून पाहतो. नेरच्या तहसील कचेरीबाहेर कडुनिंबाखाली बसून मी असंख्य अर्ज लिहिले. मागे न पाहणारी व्यक्ती त्यात एकच भेटली, ती म्हणजे अंजनाबाई. काटक बांधा, खणखणीत आवाज. स्टुलावर बसण्यापूर्वीच त्या म्हणाल्या, "मले एचआयव्ही हाय. लिवा." शेजारच्या झेरॉक्सवाल्याने यंत्र थांबवून मान वर केली. त्यालाही त्यांनी विचारले, "तुले आयकू नाही आलं का, बापू?"

माझे शिक्षण नववीपर्यंत झालेले असले तरी शासकीय भाषेवरील माझा अधिकार तालुका जाणतो. शिरस्त्याप्रमाणे मी निराधार अनुदानाचा अर्ज सुरू केला. त्यांनी कागदावर तळहात ठेवला. "अनुदान कोनं मांगतलं, वकीलसाहेब? मले माही चूल पाह्यजे." मला वकीलसाहेब म्हणणे ही त्यांची थट्टा होती. मी ती कधी दुरुस्त केली नाही.

हकिगत अशी. त्या आपल्या गावच्या शाळेत पोषण आहार शिजवत. पती याच आजाराने गेले. त्या मात्र यवतमाळच्या एआरटी या सरकारी उपचार केंद्रातून गोळ्या आणून ठणठणीत होत्या. कोणी ओळखीचे पाहील या भीतीने इतर रुग्ण दवाखान्याच्या अलीकडेच ऑटोतून उतरत. या थेट फाटकाशी उतरत. पुढे गावात तपासणीचे शिबिर आले. नर्सबाईंसमोर कोणी हात पुढे करीना, तेव्हा अंजनाबाई उठल्या. "भेता कायले? मी इतके वर्सं गोळ्या खाऊन राह्यली. मेली का?" लोक तपासणीला गेले, हे खरे. परंतु दुसऱ्या दिवसापासून एकाही मुलाने त्यांच्या खिचडीला हात लावला नाही, आणि चूल दुसरीकडे देण्याची भाषा सुरू झाली.

सरपंच मनाचे वाईट नव्हते. बाईंनी घरी बसावे, मानधन सुरू राहील आणि दुसरी बाई शिजवील, असा तोडगा त्यांनी शाळेच्या आवारात भरलेल्या ग्रामसभेपुढे ठेवला. सभेला तो दयाळूपणाचा वाटला. अंजनाबाई म्हणाल्या, "बसल्या जागी खाऊन मी काय आजारी पडू, भाऊ?"

त्यानंतर बाईंच्या वतीने मी उभा राहून अर्ज वाचला. या आजाराच्या कारणावरून कोणाचेही काम काढून घेता येत नाही, हा कायदा मी त्यात नमूद केला होता. वाचन उत्तम झाले. मागून कोणीतरी म्हणाले, "कायदा बरोबर हाय. पन तुमी खाता का तिच्या हातचं?"

अंजनाबाई जणू या प्रश्नाचीच वाट पाहत होत्या. त्यांनी शाळेच्या चुलीवरून सकाळीच शिजवलेल्या खिचडीचे पातेले आणून मध्ये ठेवले. "पोरायच्या आंधी मोठ्या मानसानं चाखाचं, हा नेम हाय. चाखा." आवारात कोणी हलेना. मी पुढे झालो, ताटली घेतली, खाल्ले आणि "उत्कृष्ट" असा अभिप्राय दिला. त्याचा काडीचा परिणाम झाला नाही. अर्ज लिहिणाऱ्याने प्रशंसा करावी, यात नवल ते काय?

तेवढ्यात शाळेत नातू असलेली एक म्हातारी काठी टेकत आली. तिने घास घेतला, सावकाश चावला आणि तोंड वाकडे केले. "अंजने, मीठ कमी हाय."

"आजी, पोरायले इतकंच लागते."

"तुले काय कळते? पहिलेपासून तुहा हात आखडताच."

सभा हसली. दुसरी एक बाई चव पाहायला उठली, मग तिसरी. मीठ पुरे की कमी, यावर वाद माजला आणि आजाराची गोष्ट मागे पडली. चूल अंजनाबाईंकडेच ठेवण्याचा ठराव झाला. तो मी स्वहस्ते लिहिला. परतताना त्या मला म्हणाल्या, "म्हातारीनं नाव ठेवलं, तवा समजलं, मी जितली."

त्यानंतर त्यांनी वर्षानुवर्षे ती चूल सांभाळली, आणि नव्याने आजार कळलेल्या बायांना सोबत घेऊन त्या यवतमाळला जाऊ लागल्या. वयपरत्वे काम सोडले त्या दिवशी त्या डबा घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. शेवटची खिचडी होती. मी चमचाभर खाल्ली. अप्रतिम होती.

"कशी झाली, वकीलसाहेब?"

"मीठ कमी आहे," मी म्हणालो.

त्या पदराने डोळे पुसत हसल्या आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लेखी द्या."