वानरांच्या उवा लिहिणारा

इंग्रजांच्या राज्यात अंथुर्ण्याच्या ओढ्याकाठी एक परका माणूस रोज वानरं बघत बसायचा. कोण कुणाच्या उवा काढतं ते वहीत लिहायचा. मला तो येडाच वाटायचा.

एकदा मी पाण्याला गेले, तर तो आपल्या मांडीवर थाप मारून ओरडला, "बाई, ती वानरी बघा! पिल्लू मेल्यापासून खात नव्हती. काल तिघी तिच्या उवा काढत बसल्या, आज पाला खातेय!"

घरी माझ्या जावेचं बाळ गेलं होतं. विटाळ म्हणून तिला कुणी शिवत नव्हतं. तीन दिवस ती जेवली नव्हती. घागर टाकून मी धावले आणि तिच्या केसांत हात घातला.

"अगं, शिवलीस व्हय तिला!" सासू किंचाळली.

मी उवा काढतच राहिले. दिवस कलताना जाऊ म्हणाली, "वढू नगं. भाकरी हाय का?"