वैष्णवीची टीसी

यवतमाळकर मंडळी, दुपारपासून कशातच मन लागत नाहीये, म्हणून इथं लिहितेय.

मी सरकारी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. आज वैष्णवी तिच्या बाबांना घेऊन टीसी काढायला आली. माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. आता खाजगी कॉलेजात जाणार.

बाबा बोरी अरब गावाहून आलेले. म्हणाले, "मॅडम, तुमचं शिकवनं चांगलं हाय, पोरगी रोज सांगते. पण एसटीचा काही भरोसा नाही. त्या कॉलेजची बस घरापुढं येते."

मी त्यांना बसवून घेतलं. आमच्याकडं शिकवणारी माणसं वर्षानुवर्षं टिकतात, तिथं सारखी बदलतात. इथं भिंतीला ओल आहे, पंखे कुरकुरतात, पण प्रयोग मुलं स्वतःच्या हातानं करतात. सगळं सांगितलं. वैष्णवी मान खाली घालून ऐकत होती.

बाबा विचारात पडले. मग अगदी साधेपणानं त्यांनी विचारलं, "तुमची पोरगी कुठं शिकून राह्यली, मॅडम?"

"पुण्याला. खाजगी कॉलेजात."

त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझंच उतरलं. "मंग आमचंबी काही चुकून नाही राह्यलं," म्हणाले आणि टीसी घेऊन निघाले. जाताना वैष्णवी माझ्या पाया पडली.

मी बोलले त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. मग हेच मी माझ्या घरी का नाही बोलले?

तुमच्यातले जे सरकारी कॉलेजात शिकवतात, त्यांची मुलं कुठं आहेत?