जोड दिसणारी भिंत

माझे भावोजी रंगारी. भिंत एकदा धरली की या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एका दमात संपवायची, हा त्यांचा हट्ट. मध्ये चहा नाही, गप्पा नाहीत. "ओल्याला ओलं भिडलं पाहिजे," ते म्हणायचे. "थांबलात की कड वाळते. मग वरून कितीही हात द्या, जोड दिसतोच."

ताई अंथरुणाला खिळली आणि त्यांनी बाहेरची कामं सोडली. खोलीला खिडकी एकच, तीही शेजारच्या इमारतीच्या पाठीकडे उघडणारी. त्यात ताईची नजरही अधू होत चालली होती. ती म्हणाली, "जन्मभर लोकांची घरं उजळलीत. माझ्यासमोरची ही कळकट भिंत तेवढी आभाळासारखी करून द्या. दिसतंय तोवर बघून घेते."

भावोजींनी भिंत घासली, भेगांत लांबी भरली, पांढऱ्यात निळा कालवला. वरच्या कोपऱ्यातून निघून ते थोडे खाली येतात न येतात, तोच हाक आली.

"अहो!"

"थांब जरा. जोड दिसेल."

"पाठ भाजतेय हो. कुशीवर वळवा."

वळवून येईपर्यंत कड वाळलेली. पुढे रोज तेच. कधी पाणी, कधी ठसका, कधी घसरलेली उशी. ती झोपल्यावर लावावा म्हटलं, तर डबा उघडल्याच्या आवाजानेही तिला जाग यायची.

एका रविवारी मी म्हणालो, "तुम्ही रंगवा, तिच्याकडे मी बघतो."

"तू नको रे बाबा," ताई म्हणाली. "मागच्या वेळी पोत्यासारखं उलटवलंस मला."

भावोजी वैतागले होते. "दिवसभर देवाचं नाव घेतेस. तो करतो तरी काय?"

"हाका मारतो. आणि लोक त्याला म्हणतात, थांब जरा, जोड दिसेल."

मला हसू आलं. भावोजी हसले नाहीत. भिंतीवर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा झाल्या होत्या, रोज नव्याने कालवलेला निळाही खाली खाली गडद होत गेलेला. सगळं खरवडून काढायला त्यांनी पॉलिश पेपर उचलला, तेवढ्यात ताई डोळे बारीक करून म्हणाली, "पुसू नका. डोंगर कधी काढलेत?"

"कसले डोंगर?"

"हे काय, एकामागे एक. मागचे फिके, पुढचे गर्द."

मला तर बिघडलेलं काम दिसत होतं. भावोजी मात्र पलंगाच्या कडेला बसले, तिच्या उशीशी डोकं टेकलं आणि तिथून बघत राहिले. मग म्हणाले, "मला साधं फूल काढता येत नाही गं."

"तुम्ही कुठे काढलेत? मी हाका मारल्या."

त्यानंतर हाक आली की ते ब्रश असेल तिथे ठेवत आणि "आलो" म्हणत. दुसऱ्या दिवशी त्या वाळलेल्या कडेखालून थोड्या गडद रंगाने पुढचा डोंगर. हात त्यांनी कधी कुठे जोडले नव्हते, तेव्हाही जोडले नाहीत. पण एकदा ब्रश धुताना मला म्हणाले, "कड कुठे वाळायची ते मी ठरवत नाही आता. ठरवणारा ठरवतो." आणि बोलून गेल्याची लाज वाटल्यासारखं, "ते फडकं द्या इकडे."

भिंत मात्र पुरी झाली नाही. त्याआधीच ताईची नजर गेली. मग भावोजी तिला सांगायचे, "आज डोंगर तुझ्या पायांपर्यंत उतरलाय." शेवटची हाक इतकी बारीक होती, की त्यांना ती कशी ऐकू आली कोण जाणे. तिला काही नको होतं. नुसता हात धरून ठेवायचा होता.

काही आठवड्यांनी मी गेलो. खालचा पट्टा कोराच होता. मला अर्धवट काम बघवत नाही. म्हणालो, "एवढं उरकून टाका ना."

"बसलो होतो परवा," ते म्हणाले. "अख्खा दिवस मोकळा. कुणी हाक मारेना. कुठे थांबायचं तेच कळेना."

माझ्या आग्रहाखातर त्यांनी रंग कालवला. दोन-चार फटकारे झाले असतील, बेल वाजली. मी उठायच्या आत ते "आलो" म्हणत दाराशी पोहोचले होते. दार उघडून ते तसेच उभे राहिले. बाहेर कुणी नव्हतं; बेल शेजारच्या घरची वाजली होती.

परत आले तोवर कड वाळली होती. त्या वाळल्या रेघेकडे बघत ते पलंगाच्या कडेला बसले, उशीशी डोकं टेकलं.

"आज इथपर्यंत," ते म्हणाले. आणि ब्रश धुवायला उठले.