पुण्याला जाऊ का, म्हाराजा?

गोळी पाण्यात विरघळायला किती मिनिटं लागतात हे पाहण्यात मी आयुष्याची चोवीस वर्षं घालवली आहेत. धारगळहून स्कूटरने पंधरा मिनिटांवर औषधांचा कारखाना आहे, तिथल्या प्रयोगशाळेत. काचेच्या भांड्यात कोमट पाणी, पाण्यात गोळी, आणि समोर मी, सिंहासनावर बसल्यासारखी गंभीर.

एका शुक्रवारी साहेबांनी बोलावून सांगितलं की पुण्यात नवी मोठी प्रयोगशाळा उभी राहते आहे आणि तिची प्रमुख म्हणून मला पाठवायचं ठरतं आहे. हो की नाही ते मी पुढच्या नव्हे, त्याच्या पुढच्या सोमवारी कळवायचं होतं. मी अतिशय शांत चेहऱ्याने "विचार करते" म्हटलं, बाहेर आले, आणि हात धुवायच्या आरशासमोर उभं राहून प्रमुखासारखी मान हलवून पाहिली. छान हलली. माझ्या हाताखाली शिकलेली दोन मुलं याआधी साहेब होऊन गेली होती. दोन्ही वेळा मी पेढा खाऊन अभिनंदन केलं होतं आणि घरी येऊन उगाच भांडी घासली होती. मला ही जागा हवी होती. नाही कळवलं असतं तर पुन्हा कोणी विचारणार नव्हतं, हेही मला ठाऊक होतं.

घरी आम्ही तिघंच. मुलगा बंगळुरात शिकतो. नवरा पेडण्याला सरकारी कचेरीत आहे आणि त्यांच्या निवृत्तीला अजून सात वर्षं आहेत. शिवाय शेत, काजूची झाडं. म्हणजे मी एकटीने जायचं आणि महिन्यातून एकदा यायचं. सासूबाईंचं वय शहात्तर. त्यांना आम्ही आईच म्हणतो.

नवऱ्याने बातमी ऐकताच निर्णय तुझा आहे असं जाहीर केलं आणि लगेच उठून स्वतःचा चहा स्वतः करायला घेतला, आपलं काही अडणार नाही हे मला दिसावं म्हणून. चहा उत्तम झाला होता, फक्त त्यात पावडर नव्हती. गरम गोड दूध पीत ते खिडकीबाहेर अशा नजरेने पाहत बसले की मी पुण्याला नाही, सीमेवर निघाले आहे.

आईंचा विरोध जास्त अभ्यासपूर्ण होता. पुण्याला समुद्र नाही, म्हणजे मासे बर्फातले. पाणी जड. सकाळी सायकलचा पों पों करत पोदेर, म्हणजे पाववाला, दारात येत नाही, आपणच दुकानात जाऊन थंड पाव आणायचा. त्या कधीही पुण्याला गेल्या नव्हत्या, पण त्यांच्या एका मावसबहिणीची नणंद तिथे चार दिवस राहून आली होती आणि हे पुरावे तिने आणले होते. एवढं सांगून आई गप्प झाल्या. जा म्हणाल्या नाहीत, जाऊ नको म्हणाल्या नाहीत. शहात्तर वर्षांच्या बाईचं असं गप्प बसणं घरात फार जागा व्यापतं.

त्यानंतरचा आठवडा विचित्र गेला. रविवारी मी डिचोलीकडे माहेरी जाऊन भावाला भेटून आले. मंगळवारी आई सकाळीच नवं लुगडं नेसून कुठेतरी गेल्या आणि परत येऊन कोणाशी बोलल्या नाहीत. गुरुवारी नवऱ्याने कसलाही सण नसताना महागाचा इसवण मासा आणला आणि तुकडे तळताना शीळ वाजवली. शनिवारी शेजारीण, जी गेली दहा वर्षं माझ्या स्कूटरवर मागे बसून बाजाराला येते, ती माझ्याकडे पाहून गोड हसली. आणि आमचं काही ठरेना. शेवटी शनिवारी संध्याकाळी नवरा म्हणाले, एवढा खल कशाला, उद्या देवाला विचारू.

आमच्याकडे हे असंच चालतं. लग्न, घर, विहीर, सगळं देवापुढे जातं. गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपली अडचण मोठ्या आवाजात देवाला सांगतो, आणि मूर्तीला पाण्यात भिजवलेल्या फुलांच्या पाकळ्या दोन्ही बाजूंना चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला आम्ही कौल म्हणतो. मी दिवसभर यंत्रांवर गोळ्या तपासते आणि संध्याकाळी पाकळीकडे डोळे लावते. मला यात कधी काही वावगं वाटलेलं नाही. यंत्रंही बिघडतात.

रविवारी सकाळी आम्ही तिघं देवळात पोचलो. आमच्या देवळात चार गुरवबंधू पाळीपाळीने पूजा करतात. त्या दिवशी पाळी थोरल्याची होती. त्याने गाऱ्हाणं सुरू केलं: बा देवा म्हाराजा, ही तुझी सून परगावी नोकरीला जाते म्हणते, तिने जावं की कसं ते सांग. आम्ही तिघांनी "होय म्हाराजा" म्हटलं. तिथे थांबायला हवं होतं. पण नवऱ्याने हळूच पुढे सरकून गुरवाला सांगितलं की दर महिन्याला यायचं हेही घाला. ते घातलं, होय म्हाराजा. मग आईंनी सांगितलं की चतुर्थीला आठ दिवस आधी यायचं हेही घाल. होय म्हाराजा. मग नवऱ्याला आठवलं की भातकापणी राहिली. गुरवाने एक दीर्घ श्वास घेतला आणि भातकापणीही घातली. एवढ्या अटींचा करार देवाने वाचायला वेळ घेतला तर त्याला दोष देता आला नसता.

पाकळ्या लागल्या. आम्ही हात जोडून उभे राहिलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. नवऱ्याने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. पाव तासाने आई खांबाला टेकून बसल्या. मी प्रयोगशाळेच्या सवयीने घड्याळ पाहत होते. पस्तीस मिनिटं झाली तरी दोन्ही पाकळ्या दगडाला खिळल्यासारख्या. गुरवाने पंखा चालू नाही ना ते पाहिलं, मूर्तीकडे पाहिलं, आणि मग वळून आमच्याकडे पाहिलं.

"काकी," तो आईंना म्हणाला, "हो इषय देवाफुडे आदी कोणी काढललो काय?"

आमच्याकडचा नियम असा, की एका गोष्टीवर देव एकदा बोलला की बोलला. तोच विषय परत काढला तर तो उत्तर देत नाही. आणि त्या क्षणी आई दीपमाळेकडे पाहू लागल्या, नवरा छताकडे, आणि मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे.

गुरवाने कंबरेचा मोबाईल काढला आणि देवासमोरच आपल्या भावांना एकेक करून फोन लावला, आवाज मोठा ठेवून. पहिल्या भावाने सांगितलं की मंगळवारी काकी येऊन गेल्या. सुनेला अडवू का, असं विचारलं. डावी पडली. दुसऱ्याने सांगितलं की गुरुवारी काकींचे चिरंजीव आले होते. आपणही बायकोबरोबर पुण्याला जायला हवं का, असं विचारलं. डावी पडली आणि ते खूश होऊन गेले.

"मी फकत माज्यापुरता इचारलंय," नवरा म्हणाले. मला गुरुवारची ती शीळ आठवली.

तिसरा भाऊ म्हणाला की तुमच्या घरातलं कोणी आलं नाही, पण शनिवारी तुमची शेजारीण आली होती. वहिनी गेल्यावर आपली बाजाराची सोय कशी होणार, हा तिचा प्रश्न होता. देवाला असा प्रश्न घालता येत नाही, हो किंवा नाही असाच घालावा लागतो, म्हणून त्याने तो सोय होईल ना असा करून घातला. उजवी पडली.

थोरल्या गुरवाने फोन कंबरेला खोचला, पाकळ्या बोटांनी काढून ताम्हनात ठेवल्या आणि सांगितलं की देव आठवडाभर तुमचंच काम करतो आहे, त्याला गावात इतरही माणसं आहेत. अडवू नको म्हणाला, तू मागून जाऊ नको म्हणाला, शेजारणीचंही बघतो म्हणाला. आणखी काय लिहून पाहिजे?

नवरा माझ्याकडे पाहून हसले. आता खरं तर मी हरखायला हवं होतं. पण मी सभामंडपात जाऊन बसले. आई मागून आल्या आणि शेजारी टेकल्या. तेव्हा मी सांगून टाकलं.

गेल्या रविवारी मी माहेरी भावाला भेटायला गेलेच नव्हते. माहेरच्या देवीपुढे गेले होते, कौल लावायला. सगळ्यांच्या आधी मीच. आणि डावी पडली होती, लगेच, पाणी सुकायच्याही आत. जाऊ नको. तो निकाल मी कोणाला सांगितला नाही आणि आठ दिवसांनी इथे निमूटपणे हात जोडून उभी राहिले, इथे तरी उजवी पडेल म्हणून. नको तो निकाल आला म्हणून तीच चाचणी दुसऱ्या यंत्रावर गुपचूप करणाऱ्या एका मुलाला मी कारखान्यात दोन तास झापलं होतं. त्याच्याकडे निदान दुसरं यंत्र तरी होतं. मी तर देव बदलला.

आई ऐकत राहिल्या. मला वाटलं, झालं, सुटका मिळाली त्यांना. त्यांनी फक्त मान डोलवायची होती. देवी नाही म्हणते आहे, बाये, राहा घरी. इतकंच म्हणायचं होतं आणि मी खरंच राहिले असते.

त्यांनी पदराचा काठ सरळ केला.

"तिका कित्याक इचारलंस?" त्या म्हणाल्या. "आवय ती. आवय कधी लांब जा म्हणतली?"

मग त्यांनी मला बाजू समजावून सांगितली, कोर्टात सांगावी तशी. माझं लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली. माझा विषय तेव्हाच माहेरच्या देवीकडून इथल्या देवाकडे आला. ती आई आहे, तिला आजही लेक जवळ हवी, म्हणून ती बोलली. तिला राग नको, चतुर्थीनंतर ओटी भरून ये. पण तिचं या प्रकरणात चालत नाही. मी विचारलं, आणि तुम्हाला? तुम्हाला मी जवळ नको? त्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. पायऱ्या उतरायला आधार म्हणून, असं त्यांनी दाखवलं, पण पायऱ्या अजून दहा पावलं लांब होत्या.

"तुज्या सायबाक आताच फोन लाव," त्या म्हणाल्या. "घराक पावल्यार माजां मन फिरतलां."

मी म्हटलं, आज रविवार आहे, उद्या दुपारपर्यंत वेळ आहे. त्यांनी मनगट सोडलं नाही. म्हणून मी देवळाच्या पायरीवर उभी राहून डाव्या हाताने फोन लावला. साहेब जेवायला बसले होते, तोंडात घास होता. मी येते म्हटलं. ते काहीतरी आनंदाचं म्हणाले, घासामुळे नीट कळलं नाही. आई कान लावून उभ्या होत्या. फोन बंद झाल्यावर त्यांनी परत विचारलं, येते असंच म्हटलंस ना, आणि मी हो म्हटल्यावर मनगट सोडून एकट्याच भराभर पायऱ्या उतरल्या.