साहेबांचा खारा मासा

ज्या माणसाने जन्मभर मासे मारले, त्याच्याच गळ्यात एक मासा जगवायचं काम पडावं, असा योग फक्त सरकारदरबारीच जुळून येतो. आमच्या गावच्या कडूबा भोयाच्या नशिबी तो निजामाच्या राज्यात, १३४३ फसलीच्या, म्हणजे इंग्रजी १९३४च्या उन्हाळ्यात आला.

गाव आमचं वडीगोद्रीच्या खाली, गोदावरीच्या काठाला. गावाखालच्या डोहात जाळं टाकायचा हक्क भोयांच्या बारा घरांना होता आणि त्या डोहावरच त्यांच्या चुली पेटायच्या. दरसाल जालन्याला जाऊन हा हक्क एका बड्या साहेबांकडून मंजूर करून घ्यावा लागे. साहेब हैदराबादेचे, दिलदार, शौकीन आणि मराठीच्या बाबतीत पार कोरे. त्यांचे कान आणि तोंड म्हणजे कचेरीतले कारकून, पेशकार अजमतमियाँ.

त्या साली साहेबांना मुंबईच्या दोस्ताने समुद्रातला मासा भेट पाठवला. रेल्वेने काचेची मोठी पेटी आली, समुद्राच्या पाण्याचे डबे आले आणि तळहाताएवढा, हळदीसारखा पिवळा मासा आला. चार दिवस साहेबांनी कौतुक केलं. मग दौरा निघाला. जाताना ते पेशकारांना म्हणाले, "खारे पानी की मछली है, खयाल रखना."

अजमतमियाँनी खयाल ठेवला. उन्हाने पेटीतलं पाणी आटायचं, की ते कचेरीमागच्या खाऱ्या आडाचं पाणी तिच्यात ओतवायचे. त्या पाण्याला गुरंसुद्धा तोंड लावत नसत. पण आपल्याकडे खारं पाणी म्हणतात ते त्यालाच, मग पेशकारांना तरी काय बोल लावायचा? खुराक म्हणून रोज खिमा पडायचा. मुंबईच्या पाण्याचे दोन डबे मात्र तसेच सीलबंद होते, कारण ते फोडायचा लेखी हुकूम नव्हता.

महिन्याभरात मासा शिळ्या पिठल्याच्या रंगाचा झाला. पेशकारांची झोप उडाली. नेमका त्याच दिवशी कडूबा डोहाच्या मंजुरीसाठी कचेरीत येऊन उभा राहिला.

"तू भोई ना रे?" अजमतमियाँ म्हणाले. "साहेब पंधरा दिवसांनी येतील. मछली जगली तर डोह तुमचा. मेली तर डोहाची बात काढू नको."

मेलेला मासा ताजा की शिळा, हे कडूबा लांबून सांगायचा. जित्या माशाला काय दुखतं, हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तो पेटीसमोर मांडी घालून बसला तो दिवस कलेपर्यंत उठला नाही.

"मियाँ, ह्यो उपाशी हाय."

"उपाशी? रोज पावशेर खिमा टाकतो!"

"टाकता बराबर, पन पोटात जाऊन नाही राह्यला. तोंडात घेतो आन् थुकून देतो. डोक्यामागं बघा, मांस बसलं. कल्ले बघा, निस्त्या धापा टाकून राह्यला. आंगाचे पर मिटून कोपऱ्यात बसतो, आन् मधीच दगडाला आंग घासतो. ह्याला पान्याचाच तरास हाय."

त्याने पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. पाणी जिथे जिथे आटलं होतं तिथे काचेवर पांढरी रेघ धरली होती. ती त्याने नखाने खरवडली.

"मियाँ, चुलीवरचं वरन आटलं तर तुमच्या घरी त्यात काय घालत्यात? पानी का मीठ?"

"पानी."

"मंग हितं मीठ का घालून राह्यले? उडालं ते गोडं पानी. खार तर हितंच बसला."

पेशकार भडकले. खाऱ्या पाण्याच्या माशाला गोडं पाणी म्हणजे सरळ खून, असं त्यांचं मत पडलं. पण मासा मेलाच तर नाव भोयाचं लागेल, हे ध्यानात येताच त्यांनी बिलकुल हरकत घेतली नाही.

कडूबाने तळाशी कुजलेला खिमा उपसला, अर्धं पाणी काढलं आणि सीलबंद डबे फोडून पेटी भरली. पुढे जेवढं आटेल तेवढंच गोडं पाणी तांब्याने, सावकाश. जालन्याच्या कुंडलिका नदीतून बारके झिंगे धरून आणायचे आणि ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे करून टाकायचे. चार दिवस मासा ढुंकून बघेना. त्या चार दिवसांत कडूबाच्याही घशाखाली भाकर उतरली नाही. डोळ्यांपुढे बारा घरं होती, दुसरं काय!

पाचव्या दिवशी माशाने एक तुकडा तोंडात घेतला. कडूबा तो थुंकायची वाट बघत बसला. मासा थुंकला नाही, वर दुसऱ्या तुकड्यामागे धावला. आणि हा हजारो मासे मारलेला गडी भर कचेरीत हमसून हमसून रडला. मला त्याची ही गोष्ट फार आवडते.

साहेब परतले तेव्हा मासा पर पसरून पेटीभर हिंडत होता. पेशकारांनी, आपली शाबासकी आधी वसूल करून, सगळी हकीकत सांगितली. साहेबांचे डोळे पाणावले. त्यांनी स्वतःच्या खांद्यावरची शाल कडूबाच्या खांद्यावर घातली आणि तिथल्या तिथे हुकूम लिहवला. ज्याला मुक्या माशाची भूक कळते, त्याच्या हातून मासे मरावेत हे ठीक नाही. सबब त्या डोहात आजपासून कुणीही जाळं टाकू नये. भोयांना या पापातून मोकळं केलं आहे.

कडूबाने हात जोडले. "साहेब, मंग आमच्या बारा घरांनी खायाचं काय?"

साहेबांनी पेशकारांकडे पाहिलं. "क्या कहता है?"

अजमतमियाँनी अदबीने सलाम केला. "हुजूर, बारह घरों की तरफ से आपको दुआ दे रहा है."

एवढी उर्दू कडूबाला समजत होती. बोलता मात्र येत नव्हती.