पेटीला लागलेला फोन

लेकीला विमानतळावर सोडून घरी आलो, तेव्हापासून तिचा फोन बंद लागतोय. आत तपासणी चालू असणार, हे कळतंय. तरी मी परत परत लावतोय आणि मला माझी पेटी आठवतेय.

शेतातली मोटर फोनवरून चालू करायची पेटी मी घरीच बनवली होती. आइस्क्रीमच्या डब्यात जुना मोबाईल, बॅटरी आणि वायरींचा गुंता. हैदराबादच्या प्रदर्शनाला ती घेऊन निघालो होतो. कोल्हापूरच्या याच विमानतळावर हवालदारानं डबा उघडला, तसा सोल्डरिंगचा जळका वास भपकन बाहेर आला.

"पावणं, हे काय हाय?"

"फोन लावला की लांबनं चालू हुतंय," मी म्हणालो आणि म्हणता म्हणताच जीभ चावली. हवालदाराचा हात हवेतच राहिला.

तेवढ्यात डब्यात टक्क झालं. लाल दिवा लागला. मागच्या बाया पोरांना ओढत मागं सरल्या. बॅटरी काढायची राहिली होती! आतला मोबाईल आपोआप उचलला गेला आणि डब्यातून माझ्या वडलांचा, आबांचा, खणखणीत आवाज आला.

"पोचलास व्हय रं? तुझा फोन लागंना, म्हणून पेटीला लावला की!"

हवालदार आधी पांढराफटक पडला, मग पोट धरून हसला. डबा पुन्हा मशीनमधून काढून त्यानं मला सोडलं. मी मात्र आबांवर जाम भडकलो होतो.

आता लेकीचा फोन परत लावला. बंदच आहे. तिच्याकडं तर पेटीही नाही.